पिकअपला टायर घेण्याआधी: चार बोटं पोकळीचा हिशोब

नवी पिकअप घेतली की पहिल्या महिन्याभरात एक शंका हमखास डोकं वर काढते. शोरूममध्ये रुबाबदार वाटलेली गाडी बिल्डिंगखाली लावून बाजूने बघितली, की चाकं बारकी वाटायला लागतात. मग माणूस तडक टायरच्या दुकानात जातो आणि सांगतो, "एक साइज मोठा टाका." मीही तेच केलं होतं. पहिल्याच आठवड्यात कात्रजच्या जुन्या घाटात एका वळणावर स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि डावीकडून खर्रर्र आवाज आला. टायर आतल्या प्लास्टिकला आणि मडफ्लॅपला घासत होता. दुकानदार म्हणाला होता, "बिनधास्त बसतो, साहेब." बसला होताच. वळत नव्हता, एवढंच.

ते टायर मी दोन महिन्यांत तोट्यात विकले. त्या भानगडीत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे पहिल्यांदा पिकअप घेणाऱ्याला माझ्याइतकी फी भरावी लागणार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. बाजूने बघणाऱ्याची नजर टायर आणि त्याच्यावरचा पत्रा यांच्यामधल्या काळ्या पोकळीवर जाते. टायर लहान वाटतो की भरगच्च, हे ती पोकळी ठरवते. तिचा आकार पत्र्याने ठरलेला असतो आणि जाडी टायरने. पत्रा आपण बदलू शकत नाही, म्हणून सुरुवात पत्र्यापासून करायची.

शब्दाचं एक सांगतो. चाकावरच्या त्या गोलाईला शुद्ध मराठीत कमान म्हणायला मला आवडलं असतं, पण गॅरेजमध्ये "कमान बघा" म्हटलं तर मिस्त्री थेट मागच्या कमानपाट्यांखाली, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगखाली, शिरतो. त्यामुळे इथे आर्चच म्हणू.

पहिली पायरी: आर्चची जात ओळखा

गाडीपासून वीसेक पावलं लांब, बरोबर बाजूला उभे राहा आणि आर्चची वरची कड बघा.

गोल आर्च टायरचीच नक्कल करतो. वर्तुळावर वर्तुळ, त्यामुळे पोकळी पातळ चंद्रकोरीसारखी दिसते आणि नजर तिच्यावरून घसरून जाते. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस यांचे आर्च साधारण याच जातीचे. अशा आर्चमध्ये टायर थोडा लहान असला तरी खपून जातो. उलट टायर फार मोठा घातला तर चंद्रकोर बुजते आणि गाडी बसल्यासारखी दिसते.

चौकोनी आर्चची गोष्ट वेगळी. अमेरिकेत शेव्हर्लेच्या १९७३ ते १९८७ या काळातल्या पिकअपना लोक आजही स्क्वेअरबॉडी म्हणून ओळखतात, आणि शेव्हर्लेच्याच २०१४ च्या सिल्व्हराडो पिकअपचे आर्च तर मुद्दाम चौकोनी काढलेले आहेत. तर्क सरळ आहे. पिकअप मुळात सरळ रेषांची गाडी: बॉनेट सपाट, हौद्याची कड सपाट. आर्चची वरची कड त्यांना समांतर गेली की गाडी रुंद आणि दणकट वाटते. पण टायर काही चौकोनी होत नाही. पूर्ण काटकोनी आर्च घेतला आणि त्यात टायर अगदी कडेला टेकवला, तरी चाकाच्या मध्याच्या वरच्या भागातली एकविसेक टक्के जागा दोन कोपऱ्यांत रिकामी राहते. हे साधं वर्तुळ आणि चौकोनाचं गणित आहे. खऱ्या आर्चचे कोपरे गोलसर असतात म्हणून ते प्रमाण कमी होतं, पण कोपरे काळे दिसायचे ते दिसतातच.

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाने सिल्व्हराडो घेतली तेव्हा फोटो पाठवून विचारलं, "दादा, टायर बारके वाटतात का रे?" त्याच्या गाडीला २६५/६५ आर १८ होते, म्हणजे ८०२ मिलिमीटर उंचीचा टायर. आपल्याकडच्या हायलक्सपेक्षा बोटभर मोठाच. बारीक वाटत होते ते कोपऱ्यांमुळे. तिकडचे सिल्व्हराडोवाले ३३ इंची टायरच्या मागे लागतात, त्यात हौस आहेच, पण थोडा दोष त्या कोपऱ्यांचाही आहे.

तिसरी जात जीपची: वर सपाट, दोन्ही बाजू तिरप्या, म्हणजे समलंब चौकोन. २०२० च्या मॉडेलपासून आलेल्या ग्लॅडिएटर पिकअपवर हा आर्च टायरपासून चांगलाच उंच असतो आणि तिथे मोठी पोकळी हेच सौंदर्य धरलेलं आहे. चाकाला वर-खाली व्हायला किती जागा आहे, ते ती ओरडून सांगते. ग्लॅडिएटर आपल्याकडे विकत नाहीत, पण हा आकार जवळून बघायचा असेल तर पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात बनणारी जीप कम्पास बघा. तोच आकार, जरा सौम्य करून.

आणि बोलेरो पिकअपसारख्या मालवाहू गाड्या? त्यांच्या मागच्या चाकाला आर्चच नसतो. हौदा चाकाच्या वरून सपाट जातो, खाली टायर उघडा. तिथे रूप ठरतं ते मडफ्लॅपने, रंगवलेल्या रिमने आणि फाळक्यावरच्या "आई तुळजाभवानी प्रसन्न"ने. त्या गाडीला दिसण्यासाठी मोठा टायर घालू नका. हौद्याची उंची वाढते आणि माल चढवणारा हमाल तुम्हाला रोज आठवतो.

आर्चभोवती काळं प्लास्टिक असेल तर तेही ध्यानात घ्या. लांबून ते प्लास्टिक, पोकळी आणि टायर असं सगळं मिळून एकच काळा गोळा दिसतो. त्यामुळे चाक आहे त्याहून मोठं आणि गाडी उंच भासते. पांढऱ्या गाडीवर हा खेळ सगळ्यात जास्त चालतो, काळ्या गाडीवर अजिबात नाही. काळ्या पिकअपचा मालक निम्मी भांडणं रंग निवडतानाच जिंकलेला असतो, पोकळी दिसतच नाही.

दुसरी पायरी: टायरवरचे आकडे उंचीत बदला

टायरवर २६५/६५ आर १७ असं लिहिलेलं असतं. २६५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. १७ हा रिमचा व्यास, इंचात. एकाच नावात मिलिमीटर, टक्के आणि इंच कोंबलेत, त्यामुळे पहिल्यांदा सगळेच गोंधळतात.

उंची काढायची ती अशी. २६५ चे ६५ टक्के १७२. ही भिंत वर आणि खाली दोनदा येते, म्हणजे ३४४.५. रिम १७ गुणिले २५.४, म्हणजे ४३१.८. बेरीज ७७६ मिलिमीटर.

आता हेच २६५/६० आर १८ चं करून बघा. उत्तर येतं ७७५. हायलक्सला ही दोन्ही मापं मिळतात. रिम एक इंच वाढला, टायरची उंची मात्र मिलिमीटरभर कमीच झाली! म्हणजे पोकळी आहे तेवढीच राहिली. बदललं काय, तर रबराची भिंत १३ मिलिमीटर बारीक झाली आणि धातू जास्त दिसायला लागला. "मोठं चाक घेतलं" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी मोठा रिम घेतलेला असतो, आणि पोकळी का भरली नाही म्हणून ते पुन्हा दुकानात जातात.

माझं मत विचाराल तर पिकअपला रबर शोभतं. जाड भिंतीचा टायर या गाडीला भक्कम पाय देतो. मोठा रिम आणि पट्टीसारखा टायर म्हणजे शेतावर पॉलिशचे बूट घालून जाण्यासारखं. शिवाय खड्ड्यात मार कोण खातं, रबर की रिम, ते पावसाळ्यात कळतंच.

तिसरी पायरी: टेप घ्या

जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तिथे मापं फसतात. एखाद्या शेडची सिमेंटची जमीन बरी. हवा ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी भरा, हौदा रिकामा करा, चाकं सरळ ठेवा.

प्रत्येक चाकाचं एकच माप घ्यायचं: रिमच्या मध्यापासून सरळ वर, आर्चच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका. मध्यापासूनचं माप टायर बदलला तरी बदलत नाही, म्हणून तेच कामाचं. त्यातून टायरची निम्मी उंची वजा केली की पोकळी मिळाली.

माझ्या डबल कॅबचे, म्हणजे चार दरवाज्यांच्या पिकअपचे, आकडे देतो. पुढे ४८० मिलिमीटर, मागे ५२०. मूळ टायर २५५/६० आर १८, व्ही-क्रॉसच्या वरच्या मॉडेलला मिळतं तेच माप. उंची ७६३, निम्मी ३८२. म्हणजे पुढे पोकळी ९८, मागे १३८. बोटांच्या भाषेत पुढे पाच बोटं, मागे सात.

मागची जादा दोन बोटं बघून नवखा माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. मागचे कमानपाटे माल वाहायला बनवलेले असतात आणि रिकाम्या हौद्याखाली ते ताठ उभे राहतात. एकदा नारायणगावहून टोमॅटोचे दहा-बारा क्रेट आणले तेव्हा मागची पोकळी मी मुद्दाम मोजली. सातावरून साडेपाच बोटांवर आली होती. कंपनीने ती जागा मालासाठी सोडलेली असते. दिसायला वाईट दिसते म्हणून ती भरून टाकली, तर माल भरल्यावर टायर जाणार कुठे? डबल कॅबच्या हौद्यात डावी-उजवीकडे जे उंचवटे असतात ते याच चाकांची घरं. टायर वर आला की पहिली धडक त्यांनाच.

चौथी पायरी: पुठ्ठ्याचा टायर करून बघा

हा माझा लाडका भाग, आणि खर्च शून्य. फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या. एका कडेच्या मध्यावर खिळा टोचा, त्याला सुतळी बांधा आणि तुमच्या मनातल्या नव्या टायरची निम्मी उंची सुतळीवर मोजून पेनने अर्धवर्तुळ काढा. २६५/६५ आर १८ ला ते ४०१ मिलिमीटर येतं. कापा, काळा रंग मारा किंवा काळी पिशवी चिकटवा. सरळ कड रिमच्या मध्यावर येईल असा तो अर्धचंद्र घरातल्या कोणालातरी चाकासमोर धरायला लावा आणि तुम्ही वीस पावलं मागे जा.

फोटोही काढा, पण गुडघ्यावर बसून, मोबाइल चाकाच्या मध्याच्या उंचीवर धरून, लांबून झूम करून. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक राक्षसासारखं आणि मागचं पोरासारखं दिसतं. त्या फोटोवर विश्वास ठेवून टायर घेतलेले लोक मला माहीत आहेत.

माझ्या मुलाने पुठ्ठा धरला तेव्हा दिसलं ते असं: पुढे ९८ ची पोकळी ७९ वर आली, म्हणजे पाच बोटांची चार. मागे सातावरून सहाच्या जवळ. गाडी खरंच छान दिसत होती. दुर्दैवाने हा प्रयोग मी टायर विकल्यानंतर केला.

एक गंमत इथे कळते. टायरची निम्मी उंची १९ मिलिमीटरने वाढली तर पोकळी १९ ने कमी होते आणि संपूर्ण गाडीही जमिनीपासून १९ ने वर जाते. लिफ्ट किटचं, म्हणजे सस्पेन्शन उंच करणाऱ्या सामानाचं, उलटं असतं. गाडी वर जाते, टायर तेवढाच राहतो, पोकळी वाढते. नुसती लिफ्ट केलेली पिकअप म्हणूनच वडिलांच्या चपला घालण्याऐवजी मोठ्या भावाची ढगळ पँट घातलेल्या पोरासारखी दिसते. नवख्याने लिफ्टच्या वाटेला जाऊच नये. फक्त पुढचा भाग उचलून गाडी सपाट करायची टूमही असते. त्यात पुढची पोकळी वाढते, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि माल भरल्यावर गाडी मागे बसते ते वेगळंच.

पाचवी पायरी: मागून बघा

आतापर्यंत बाजूने बघितलं. आता गाडीच्या मागे उकिडवे बसा आणि टायरची बाहेरची भिंत पत्र्याच्या किती आत आहे ते बघा. बऱ्याच पिकअपमध्ये ती बोट-दोन बोटं आत असते, आणि त्यामुळेही गाडी किडमिड्या पायांची वाटते.

हे रिमच्या ऑफसेटवर ठरतं, म्हणजे रिम गाडीला जिथे टेकतो ती जागा रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेली आहे त्यावर. रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. तो आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. रुंदी तीच ठेवून ईटी ३० चा रिम काढून ईटी १० चा लावला तर प्रत्येक चाक २० मिलिमीटर बाहेर येतं. नुसत्या एवढ्याने गाडीचा पवित्रा बदलतो, टायरची उंची तीच राहूनही.

पण बाहेर म्हणजे पत्र्याच्या कडेपर्यंत. त्याच्या पलीकडे गेलं की पावसाळ्यात चिखल थेट दरवाज्यावर, खडी मागच्या गाडीच्या काचेवर, आणि बेअरिंगवर जादा ताण. शिवाय वळताना टायर मोठं वर्तुळ काढतो. सरळ असताना न घासणारा टायर वळताना आर्चच्या मागच्या कोपऱ्याला घासतो, तो बऱ्याचदा यामुळे.

फोर्डने एफ-१५० रॅप्टर काढली तेव्हा काय केलं ते बघण्यासारखं आहे. २०१० च्या त्या पहिल्या मॉडेलला ३१५/७० आर १७ टायर होते, ज्यांना तिकडे ३५ इंची म्हणतात. ते साध्या एफ-१५० मध्ये नुसते कोंबले नाहीत. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलं, सस्पेन्शन बदललं आणि आर्चचे पत्रेच रुंद फुगवले. पुढे २०२१ च्या मॉडेलला ३७ इंचीचाही पर्याय आला, तोही कारखान्यातूनच. रॅप्टरचा फोटो दाखवून "मला असं करून द्या" म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं की त्या फोटोत टायरपेक्षा पत्र्याचा खर्च जास्त आहे.

सहावी पायरी: दुकानात जाण्याआधीचा हिशोब

उंची वाढली की चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं आणि स्पीडोमीटरला ते कळत नाही. २५५/६० वरून २६५/६५ वर, १८ इंची रिमवरच, गेलात तर वाढ पाच टक्के. काट्यावर ८० असताना गाडी मूळच्या हिशोबापेक्षा चारने पुढे असते. जड चाक फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो, म्हणजे मायलेज आणि ब्रेक दोन्हीवर फरक. दीड-दोन टक्क्यांपर्यंत मला काही जाणवलं नाही. पाच टक्क्यांना घाटात गिअर एक खाली टाकावा लागत होता.

भार निर्देशांक बघायला विसरू नका. मापाच्या पुढे ११० किंवा ११२ असा आकडा असतो. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. मूळ टायरपेक्षा हा आकडा कमी असलेला टायर कितीही देखणा असो, पिकअपला नको.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते आणखी स्पष्ट केलं. शहाणपणाचा रस्ता हाच, की कंपनीने त्याच मॉडेलच्या कुठल्या तरी प्रकाराला दिलेल्या मापांतच राहायचं. अपघातानंतर विम्याचा माणूस टायरवरचे आकडे वाचतो, हेही डोक्यात असू द्या. माझ्यासारखं यादीबाहेरचं माप घ्यायचं मनात असेल, तर आधी विमा कंपनीला आणि आरटीओत विचारून घ्या.

शेवटी मी २६५/६० आर १८ घेतला, ऑल-टेरेन नक्षीचा, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांना चालणारा. उंची फक्त १२ मिलिमीटरने वाढली, दीड टक्का. पण या नक्षीच्या टायरचे खांदे चौकोनी असतात, कडेला ठोकळे दिसतात, आणि त्यामुळे तो डोळ्यांना आकड्यापेक्षा मोठा वाटतो. पुढची पोकळी साडेचार-पाच बोटांचीच आहे. बिल्डिंगमधले लोक मात्र विचारतात, "गाडी उचलून घेतली काय हो?"

बसवल्यानंतर

टायर बसले की पैसे देण्याआधी दुकानासमोरच स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढे-मागे गाडी घ्या. मग एक पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवा आणि पुन्हा वळवा. काच खाली, गाणी बंद.

घरी आल्यावर शाडूची माती काढा. गणपतीनंतर घरात उरलेली असतेच. तिचे लिंबाएवढे गोळे करून आर्चच्या आतल्या प्लास्टिकला, वरती आणि मागच्या बाजूला चिकटवा. हौद्यात नेहमीएवढा माल टाका, गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून दोन-चार फेऱ्या मारा आणि गोळे बघा. गोळा जिथे दबला किंवा पुसला गेला, तिथे टायर पोचतो. उरलेली माती बोटभर जाड असेल तर निर्धास्त राहा. नखाएवढी असेल तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात आवाज येणार हे नक्की.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

राहिली स्टेपनी. चार टायर बदलून हौद्याखालची स्टेपनी जुन्या मापाची ठेवलीत तर पंक्चरच्या दिवशी एक चाक वेगळ्या उंचीचं लागतं. फोर बाय फोर गाडीत तसं असताना फोर-हाय (चारही चाकांना जोर देणारा गिअर) टाकून कोरड्या रस्त्यावर पळवू नका, चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि त्यांची ओढाताण पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसला सोसावी लागते. पाचवा टायर घ्यायचा असेल तर तो हौद्याखालच्या जागेत मावतो का, हे टेप हातात आहे तोवरच मोजून घ्या.